पिंजरा स्वयंपाकघरात नको!

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. सकाळी दवाखाना उघडतो न उघडतो तोच एक ओळखीचे गृहस्थ पत्नी आणि मुलासह आले. आदल्या रात्री अकराच्या सुमारास त्यांना हुडहुडी भरून ताप आला होता. कोरडा खोकला, छातीत आवळल्यासारखे वाटणे आणि सर्वांग ठणकणे अशी लक्षणे होती. "डॉक्टरसाहेब, मलेरियाच दिसतोय," असे निदानही त्यांनी स्वतःच करून आणले होते. रक्त तपासले, पण मलेरिया निघाला नाही. छातीतही विशेष काही सापडले नाही.

बोलता बोलता बाई म्हणाल्या, "कालचा दिवसच वाईट. संध्याकाळी घरातले दोन्ही पक्षी एकदम गेले." त्यावर इतका वेळ गप्प उभा असलेला नऊ वर्षांचा मुलगा रडवेला होऊन म्हणाला, "डॉक्टरकाका, मी सकाळी त्यांचं पाणी बदललं नव्हतं. म्हणून मेले का ते?"

मी पेन खाली ठेवले आणि काल संध्याकाळी घरात काय काय झाले ते सुरुवातीपासून सांगायला लावले. बाईंनी धिरडी घालण्यासाठी नॉनस्टिक तवा मोठ्या आचेवर ठेवला होता. तेवढ्यात नळाला पाणी आल्याची हाक आली आणि त्या हंडे घेऊन धावल्या. पाणी भरून परत यायला वीस-पंचवीस मिनिटे गेली. तोवर रिकामा तवा तापतच राहिला. थंडीमुळे खिडकी बंद होती आणि पिंजरा ओट्याच्या बाजूला टांगलेला होता. बाहेरच्या खोलीत बसलेल्या यजमानांना उग्र वास आला तेव्हा त्यांनी आत जाऊन गॅस बंद केला. पाहतात तो दोन्ही पक्षी पिंजऱ्याच्या तळाशी पडलेले! त्यांना वाचवण्याच्या खटपटीत ते त्याच कोंडलेल्या हवेत बराच वेळ उभे राहिले.

पक्ष्यांचा मृत्यू आणि वडिलांचा ताप या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. दोन्हींचे कारण एकच होते आणि ते गॅसच्या शेगडीवर होते. मुलाला मी तेवढेच सांगितले, "बाळ, तुझ्या पाण्याचा यात काही संबंध नाही." वडिलांचा ताप दुसऱ्या दिवशी आपोआप उतरला.

आपल्या गावांतूनही आता घरोघरी रंगीत पक्ष्यांचे पिंजरे दिसतात. आपण ज्यांना सरसकट 'लव्हबर्ड' म्हणतो ते बहुधा मूळचे ऑस्ट्रेलियातले बजरीगर असतात. मुलांना विरंगुळा आणि म्हाताऱ्या माणसांना सोबत म्हणून लोक ते आणतात. पिंजरा मात्र घरात जिथे सतत माणसांचा वावर असतो तिथे, म्हणजे स्वयंपाकघरात, टांगला जातो. नेमकी हीच जागा त्यांच्यासाठी सर्वांत धोक्याची आहे. म्हणून आज हा विषय घेतला आहे. ज्यांच्या घरी पक्षी नाहीत त्यांनीही लेख पुढे वाचावा, कारण हवा सर्वांची एकच असते.

तव्यावरचा लेप

नॉनस्टिक भांड्यावर जो गुळगुळीत लेप असतो तो बहुधा 'पॉलिटेट्राफ्लुओरोएथिलीन' या लांबलचक नावाच्या पदार्थाचा असतो. टेफ्लॉन हे त्याचे प्रसिद्ध व्यापारी नाव. रॉय प्लंकेट या अमेरिकन रसायनतज्ज्ञाला हा पदार्थ १९३८ साली दुसरेच काही शोधताना योगायोगाने सापडला. त्याला काही चिकटत नाही आणि बहुतेक रसायनांचा त्याच्यावर परिणाम होत नाही. पुढे १९५० च्या दशकात फ्रान्समध्ये त्याचा लेप दिलेली भांडी बाजारात आली आणि तिथून ती जगभर पसरली.

नेहमीच्या स्वयंपाकात हा लेप स्थिर राहतो. तळणाचे तेल साधारण १८० ते २०० अंश सेल्सियसपर्यंत तापते. तेवढ्या उष्णतेने लेपाला काही होत नाही. तव्यावर पीठ, भाजी किंवा पाणी असेल तर त्यातील ओलाव्यामुळेही तव्याचे तापमान आटोक्यात राहते. अडचण येते ती रिकामा तवा मोठ्या आचेवर राहिला की. मग काही मिनिटांतच तो २६० अंशांच्या पुढे जाऊ शकतो. त्यापुढे लेप हळूहळू विघटित होऊ लागतो आणि ३५० अंशांच्या वर हे विघटन झपाट्याने होते. त्यातून फ्लोरिनयुक्त विषारी वायू आणि अतिशय सूक्ष्म कण हवेत मिसळतात. दरवेळी धूर दिसेलच किंवा वास येईलच असे नाही. हा या विषाचा सर्वांत फसवा गुण आहे.

१९७५ साली ब्रिटनमधील पशुवैद्यकांच्या एका नियतकालिकात अशीच एक घटना नोंदली गेली. एका घरात नॉनस्टिक तळणी चुकून अतिशय तापली आणि त्या घरातील पाच कॉकॅटील पक्षी अर्ध्या तासाच्या आत मरण पावले. पक्ष्यांच्या मालकालाही ताप आला आणि सुमारे एका दिवसाने तो बरा झाला. आमच्या रुग्णाच्या घरी जे घडले त्याचे हे जुने जुळे भावंडच म्हणायचे. पशुवैद्यकांना हे इतक्या वर्षांपासून ठाऊक आहे, पण पक्षी विकणारा ते सांगत नाही आणि तवा विकणाराही सांगत नाही.

पक्षीच आधी का मरतो?

याचे उत्तर पक्ष्याच्या श्वसनसंस्थेच्या रचनेत आहे. आपण श्वास घेतो तेव्हा हवा फुप्फुसात जाते आणि त्याच वाटेने परत येते. त्यामुळे प्रत्येक श्वासागणिक थोडी जुनी हवा आत राहून जाते. पक्ष्याचे तसे नाही. त्याच्या फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या असतात. बहुतेक पक्ष्यांत त्या नऊ असतात. त्या भात्यासारखे काम करतात आणि फुप्फुसातून हवा एकाच दिशेने वाहती ठेवतात. श्वास आत घेताना आणि बाहेर सोडताना, अशा दोन्ही वेळी पक्ष्याच्या फुप्फुसातून ताजी हवा जात असते. शिवाय हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा सस्तन प्राण्यांपेक्षा पातळ असतो.

उडण्यासाठी भरपूर प्राणवायू लागतो, म्हणून निसर्गाने ही सोय केली. परंतु हवेत विष असेल तर तेही तितक्याच तत्परतेने शरीरात शिरते. त्यात बजरीगरचे वजन ते किती? अवघे ३० ते ४० ग्रॅम. तव्याच्या वायूने पक्ष्याच्या फुप्फुसात रक्तस्राव होतो आणि पाणी साठते. पक्षी चोच उघडून धापा टाकतो, शेपूट वरखाली हलू लागते, तोल जातो आणि तो दांडीवरून खाली पडतो. अनेकदा डॉक्टरकडे नेण्याइतकाही वेळ मिळत नाही.

माणसाला काय होते?

माणसाचा मृत्यू सहसा होत नाही, पण त्रास होतो. अशा हवेत श्वास घेतल्यानंतर काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, छाती आवळते, कोरडा खोकला येतो, अंग दुखते. वैद्यकशास्त्रात याला 'पॉलिमर धूर ज्वर' म्हणता येईल. एक-दोन दिवसांत तो बहुधा आपोआप ओसरतो. त्याचे निदान करणारी खास रक्ततपासणी नाही. रोग्याने घडलेली हकीकत सांगितली तरच डॉक्टरला ते कळते. नाहीतर मलेरिया किंवा फ्लू समजून औषधे चालू होतात.

म्हणून डॉक्टरकडे जाताना केवळ "ताप आला" असे सांगून थांबू नये. भांडे जळाले होते का, घरात धूर कोंडला होता का, हेही सांगावे. धाप लागत असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा दोन दिवसांत ताप उतरला नाही, तर घरी थांबू नये. दमेकरी, लहान मुले आणि वृद्ध यांनी अधिक जपावे. सिगारेट-विडी ओढणाऱ्यांना हा ज्वर लवकर गाठतो, कारण लेपाचे कण तंबाखूवर बसले तर जळत्या टोकाशी त्यांचे पुन्हा विष बनते.

खाणीतला पक्षी आणि आपले न्हाणीघर

स्वयंपाकघरातला तवा हा एकच धोका नव्हे. जिथे गॅस, कोळसा, रॉकेल किंवा लाकूड अपुऱ्या हवेत जळते तिथे कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही आणि वासही नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक जोराने चिकटतो. परिणामी रक्त वाहत असते, पण त्यातून शरीराला प्राणवायू मिळत नाही.

जॉन स्कॉट हॉल्डेन या ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खाणीतील स्फोटांनंतर होणाऱ्या मृत्यूंचा अभ्यास केला. अनेक कामगार भाजून किंवा आघाताने नव्हे, तर या वायूने मरतात हे त्याने दाखवले. लहान प्राण्यावर विषाचा परिणाम माणसाच्या आधी होतो, म्हणून त्याने खाणीत पिंजऱ्यातला छोटा प्राणी किंवा पक्षी नेण्याचा सल्ला दिला. कॅनरी पक्षी कोसळला की कामगार बाहेर पळत. १९८६ साली ब्रिटनने हे पक्षी काढून त्यांच्या जागी विद्युत यंत्रे आणण्याचे ठरवले, तोवर ही प्रथा चालू होती.

आज आपल्या घरात खाण नाही, पण बंद न्हाणीघरातला गॅस गीझर आहे. थंडीत खोलीत पेटवलेली कोळशाची शेगडी आहे. वीज गेल्यावर दाराशी लावलेला जनरेटर आहे. गॅस गीझरच्या बंद न्हाणीघरात बेशुद्ध पडून मृत्यू झाल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात याच वर्तमानपत्राच्या पानांतून आपण वाचतो. डोके जड होणे, मळमळणे, चक्कर येणे ही त्याची पहिली लक्षणे. घरातल्या दोघा-तिघांचे डोके एकाच वेळी दुखू लागले किंवा पिंजऱ्यातला पक्षी एकाएकी मलूल झाला, तर आधी सर्वांनी घराबाहेर यावे. कारण मागाहून शोधावे.

घरात काय काळजी घ्यावी?

१) पिंजरा स्वयंपाकघरात किंवा त्याच्या दाराशी ठेवू नये. बाहेरच्या खोलीत, हवेशीर पण थेट झोत आणि कडक ऊन लागणार नाही अशा जागी तो ठेवावा.

२) नॉनस्टिक तवा रिकामा तापवू नये. आधी तेल, पीठ किंवा भाजी घालावी, मग आच द्यावी. आच मंद किंवा मध्यम असावी. हाक आली, फोन वाजला, नळाला पाणी आले तर पहिला हात गॅसच्या बटणावर जावा.

३) पक्षी असलेल्या घरात लोखंडी किंवा बिडाचा तवा अधिक चांगला. आपल्या आज्यांचा तवा यात नापास होत नाही. मात्र तेल जाळून केलेला धूरही पक्ष्याला घातक असतो. म्हणून तळण आणि खमंग फोडणीच्या वेळी खिडकी उघडी ठेवावी, पंखा बाहेर हवा फेकणारा असावा.

४) हा लेप फक्त तव्यावर असतो असे नाही. आप्पेपात्र, सँडविच टोस्टर, पोळी करण्याचे विजेचे यंत्र, एअर फ्रायर, काही इस्त्र्यांचा तळ आणि केस सरळ करण्याचे उपकरण यांवरही तो असू शकतो. नवे उपकरण पहिल्यांदा तापवताना पक्षी दुसऱ्या खोलीत, दार लावून ठेवावा. नव्या रूम हीटरचेही तेच.

५) गॅस गीझर न्हाणीघराच्या बाहेर बसवावा. जळालेला वायू घराबाहेर जाण्याची वाट असावी आणि वर्षातून एकदा माहीतगार माणसाकडून तपासणी करून घ्यावी. शेगडीची ज्योत निळी असावी. ती पिवळी दिसू लागली तर बर्नर साफ करून घ्यावा.

६) बंद खोलीत डासांची अगरबत्ती लावून पिंजऱ्याशेजारी झोपू नये. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डासांच्या एका वेटोळ्या अगरबत्तीतून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण बाहेर पडतात असे आढळले. मच्छरदाणी माणसालाही बरी आणि पक्ष्यालाही.

७) पक्षी पिंजऱ्यातून मोकळा सोडताना छताचा पंखा आधी बंद करावा. फिरणाऱ्या पात्यांत सापडून पक्षी मरतात. उकळत्या पाण्याची, दुधाची भांडी झाकावीत. पाण्याने भरलेल्या बादलीतही लहान पक्षी बुडतो.

८) पोपटवर्गीय पक्ष्यांना कुरतडण्याची सवय असते. विजेच्या वायरी त्यांच्या चोचीपासून दूर ठेवाव्यात. कपडे धुण्याच्या यंत्रात कपडे टाकण्यापूर्वी एकदा आत पाहावे, कारण माणसाळलेला पक्षी मऊ कपड्यांत जाऊन बसतो.

पक्षी कोसळला तर

प्रथम गॅस किंवा उपकरण बंद करावे. दारे-खिडक्या उघडाव्यात. पिंजऱ्यासह पक्ष्याला आणि घरातल्या सर्व माणसांना मोकळ्या हवेत न्यावे. पक्ष्याच्या चोचीत पाणी किंवा औषध ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. त्याला फार हाताळू नये. उबदार आणि शांत जागी ठेवून लगेच पशुवैद्यकाकडे न्यावे. पक्षी सावरला तरी त्याला त्या खोलीत परत ठेवू नये. मेला तर त्याचा मृत्यू हा घरासाठी इशारा समजावा आणि कोणते यंत्र चालू होते ते तपासावे.

काही शंका

लेप खरवडून पोटात गेला तर? त्याचे कण पचत नाहीत, ते तसेच बाहेर पडतात. धोका खाण्यात नाही, अतितापलेल्या लेपाच्या वायूत आहे. तरी फार खरवडलेला तवा बदललेला बरा.

नव्या तव्यावर 'पीएफओए नाही' असे लिहिलेले असते, मग तो सुरक्षित ना? पीएफओए हे हा लेप बनवताना पूर्वी वापरले जाणारे वेगळे रसायन. अमेरिकेत २००६ साली आठ मोठ्या कंपन्यांनी ते २०१५ पर्यंत बंद करण्याचे मान्य केले. ते चांगलेच झाले. पण ते नसले तरी मूळ लेप बहुधा तोच असतो आणि अतितापल्यावर तोच वायू सोडतो. त्या शब्दांवर विसंबून पिंजरा ओट्याजवळ ठेवू नये.

राघू पाळला तर चालेल का? नाही. आपले देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे. ते झाडावरच शोभतात.

शेवटी पुन्हा त्या मुलाकडे येतो. महिन्याभराने तो आईबरोबर लस घ्यायला आला होता. त्याची आई हळूच म्हणाली, "आधी तो स्वतःला दोष देत होता, आता मी देते." मी त्यांना सांगितले, "बाई, ज्याची माहिती कुणी दिलीच नाही त्याचा दोष कसला? आता माहिती झाली आहे, ती शेजारी सांगा." मुलगा मध्येच म्हणाला, "काका, आम्ही नवे पक्षी आणणार आहोत, पण बाबांनी आधी बाहेरच्या खोलीत खिळा ठोकलाय."

हा योग्य क्रम झाला. आधी जागा, मग पिंजरा आणि शेवटी पक्षी. ज्यांच्या घरी पिंजरा आजही ओट्याजवळ आहे, त्यांनी हे पान बाजूला ठेवून आधी तो हलवावा. त्याला पाच मिनिटेही लागणार नाहीत.